सहाव्या डावातला निरोप

आर्डिथ नायगार्डच्या मागच्या अंगणात दोरीवर गुडघ्यापर्यंतचे लांब मोजे वाळत दिसले, की केस्लर फेरीत उन्हाळा लागला असं लोक समजत. मोजे तिच्या नवऱ्याचे नसत. लेलँड धान्याच्या कोठारावर कामाला होता, त्याला जाड, आखूड, राखाडी मोजे लागत. हे लांब मोजे बेसबॉलच्या पोरांचे.

आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावात बेसबॉलचा संघ होता तो अगदी खालच्या पायरीवरचा. नाव फेरीमेन. मोठ्या शहरातला मोठा संघ कोवळी पोरं निवडून इथं धाडून द्यायचा. त्यातलं एखाद-दुसरं वर चढायचं, बाकीची दोन-तीन उन्हाळ्यांत बाडबिस्तरा गुंडाळून घरी जायची. पगार असा, की भाड्याची खोलीही परवडू नये. म्हणून गावातली कुटुंबं एकेका पोराला उन्हाळाभर आपल्या घरी ठेवून घेत. भाडं घ्यायचं नाही, जेवायला घालायचं आणि संध्याकाळी स्टेडियमवर जाऊन त्याच्या नावानं ओरडायचं, असा रिवाज पडून गेला होता.

आर्डिथ शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाकीण होती. दोन्ही मुली लग्न करून दूरच्या राज्यांत गेल्या आणि त्यांची खोली रिकामी पडली, तेव्हापासून तिच्याकडे दर उन्हाळ्याला एक पोरगा असे. घरात शिरण्यापूर्वी तिचे नियम ऐकून घ्यावे लागत. बूट पडवीतच काढायचे. दुधाचा डबा तोंडाला लावायचा नाही. रविवारी चर्चला यायलाच हवं असं नाही, पण चर्चहून परत येईपर्यंत अंथरुणातून उठलेलं असायला हवं. पोरं नियम पाळत, कारण ती जेवण तसं करी. डुकराच्या मांसाचे बशीपेक्षा मोठे तळलेले काप, लोण्यात घोळलेली मक्याची कणसं, रुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून भट्टीत भाजलेला 'पाय'. एक पोरगा तर केक कालवायच्या मोठ्या पातेल्यात दूध-सीरियल ओतून खायचा. दुसरा रोज रात्री दार लावून घरी फोन करी आणि रडे. त्या वेळी आर्डिथ स्वयंपाकघरात उगीचच मिक्सर लावून बसायची. आपलं रडणं कुणाला ऐकू गेलं असं त्याला वाटायला नको.

पोरांना काढून टाकत ते सकाळी. प्रशिक्षक बोलावून घेई, दार लावून दोन वाक्यं बोले, दुपारपर्यंत बॅग भरलेली. अशा वेळी 'सगळं ठीक होईल' असं आर्डिथ कधी म्हणाली नाही. ती पावाला लोणी लावत विचारायची, "मोहरीची चटणी घालू का?" आणि वाटेत खायला सँडविच कागदात गुंडाळून देई. पोरगा सँडविच घेताना बहुधा रडे. ती रडायची नाही. गाडी वळणापलीकडे गेली की वर जाऊन चादरी बदले.

कॉय लेडबेटर आला तो असाच एका मे महिन्यात. आर्कान्सॉच्या डोंगराळ मुलखातला, लांब हातांचा, लाल कानांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. बोलायला लागला की एकेक शब्द चघळून बोले. या खालच्या पायरीवर त्याचा हा तिसरा उन्हाळा होता आणि तिसऱ्या उन्हाळ्याचा अर्थ त्यालाही कळत होता. आर्डिथला तो त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे 'मिस आर्डिथ' म्हणायचा. लेलँडला ते ऐकून फार हसू येई.

"मिस म्हणे! चाळीस वर्षं मी संसार केला तो कुणाशी मग?"

"ते तुम्ही शोधा," आर्डिथ म्हणायची. "पोराला वळण आहे. तुम्हाला लावायला मला वेळ मिळाला नाही."

कॉय आल्यावर आठवडाभरानंच फोन आला. पलीकडे बाईचा आवाज, खरखरीत आणि घाईचा.

"मी इला मे. कॉयची आई. तो घरी नाही ना आत्ता?"

"नाही, मैदानावर गेलाय. आल्यावर सांगू का फोन करायला?"

"नको नको, तो नसताना म्हणूनच केला. खातो का नीट?"

"खातो? काल आम्हाला उरलं नाही."

पलीकडून मोठ्यानं हसणं आलं आणि त्यापाठोपाठ खोकला. इला मे कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात उभ्यानं काम करायची. नवरा लवकर गेला होता. कॉय आणि वाँडा ही दोन मुलं तिनं एकटीनं वाढवली होती. हृदय अशक्त आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं, पण ते ती अशा सुरात सांगे, जणू शेजारणीच्या हृदयाबद्दल बोलतेय. त्यानंतर दर गुरुवारी, कॉय सरावाला गेला की तिचा फोन ठरलेला. आधी कॉय. मग टोमॅटो लागले का, तुमच्याकडे पाऊस पडला का, तो सारणाचा 'पाय' कसा भाजतेस, पीठ थंड पाण्यात भिजवतेस की बर्फाच्या. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. लेलँड म्हणे, "पोरगा आमच्याकडे नावाला राहतो. खरी पाहुणी त्या फोनमध्ये आहे."

एकदा फोन ठेवता ठेवता इला मे म्हणाली, "आर्डिथ, त्याला खेळ सोडून घरी ये म्हणणं माझ्यानं होत नाही गं. आणि तिथं येणंही होत नाही. म्हणून तुझ्या हवाली केलाय. तू आहेस तर मला झोप लागते."

आर्डिथनं तिला काय उत्तर दिलं ते तिला पुढे कधी आठवलं नाही. 'हो, हो' असंच काहीतरी म्हणाली असेल.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी सामना होता. ऊन रणरणत होतं. नदीवरून वारा येत होता, पण तो गरम. आर्डिथ आणि लेलँड नेहमीच्या जागी, आपल्या संघाच्या खेळाडूंच्या बाकांच्या बरोबर मागे बसले होते. खेळाडूंची बाकं खोलगट जागेत होती, त्यावर बुटकं छप्पर. छपराच्या कडेला लोखंडी कठडा. कठड्याशी जाऊन वाकलं की बाकाच्या टोकावर बसलेला माणूस दिसे.

शेजारी हार्व डिट्झ. गावातला निवृत्त न्हावी. सामना सुरू झाल्यापासून तो पंचांच्या मागे लागला होता.

"अहो पंच, तुमच्या बायकोनं सांगितलं मला, तुम्हाला घरात मीठ सापडत नाही! चेंडू काय दिसणार?"

"हार्व, तो पंच नवीन आहे. त्याचं लग्नही झालं नसेल," लेलँड म्हणाला.

"मग होणारही नाही!"

कॉय त्या दिवशी वेगळाच टाकत होता. पहिले दोन डाव कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. तिसऱ्यात त्यानं एकाला चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर, पहिल्या टप्प्यावर, जाऊ दिलं, पण पुढच्यांना लागोपाठ बाद केलं. चौथा गेला. पाचवा गेला. आणि स्टँडमधली बडबड आपोआप बसत गेली. समोरच्या संघाला अजून एकही फटका मारून बेस गाठता आला नव्हता. नऊच्या नऊ डाव असे काढले तर त्याला नो-हिटर म्हणतात. पिचरच्या जन्मात एकदा झालं तर झालं, बहुतेकांच्या नशिबी तेही नसतं. आणि ते चालू असताना त्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं की मोडतं. पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. चर्चमध्ये शीळ घालू नये हे जसं केस्लर फेरीत कुणाला शिकवावं लागत नसे, तसंच हेही. हार्व डिट्झनं पंचांना शिव्या घालणं थांबवलं आणि चष्मा पुसायला घेतला. तो एकच चष्मा पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

सहावा डाव चालू असताना तिकीटखिडकीवरची बर्निस पायऱ्या चढून वर आली. आर्डिथच्या कानाशी वाकली.

"तुझ्यासाठी फोन आहे. आर्कान्सॉहून. तुमच्या घरी कुणी उचलत नाही म्हणून इथं केला म्हणाली."

आर्डिथ तिच्या मागून खाली गेली. स्टँडच्या पोटातली ती चिंचोळी खोली. भिंतीवर टेलिफोन, टेबलावर तिकिटांची बुडखी आणि बर्निसचा अर्धा खाल्लेला सफरचंदाचा 'पाय'.

फोनवर वाँडा होती. कॉयची बहीण.

"मिस आर्डिथ, आईला सकाळी इस्पितळात आणलंय. छातीत दुखायला लागलं चर्चमध्येच. आत्ता जागी आहे. बरी बोलतेय. पण डॉक्टर म्हणतात, रात्रीचं सांगता येत नाही. तिला कॉयशी बोलायचंय. मी तिच्या उशाशीच फोन ओढून आणलाय. तो आहे ना तिथं?"

"आहे. उंचवट्यावर आहे, वाँडा. टाकतोय तो आत्ता."

"मग मध्ये बसतो ना तो? आपली पोरं बॅटिंगला गेली की? तेवढ्यात एक मिनिट."

आर्डिथनं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. तिला सांगायचं होतं, काय चाललंय ते. वाँडाचा भाऊ पिचर होता, त्या घरात लहानपणापासून बेसबॉलच बोललं जायचं. एक शब्द पुरला असता. तो कळला असता तर वाँडानं आईला विचारलं असतं आणि त्या दोघींनी ठरवलं असतं, बोलवायचं की थांबायचं. आर्डिथनं तोंड उघडलं. समोर बर्निसनं डोळे मोठे केले, जोरात मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"तो... चांगलं टाकतोय," आर्डिथ म्हणाली.

"तो नेहमीच चांगलं टाकतो. आई, ऐकतेस का, मिस आर्डिथ म्हणताहेत चांगलं टाकतोय." मग पुन्हा फोनमध्ये, "आई हसतेय. विचारतेय, जेवला का."

"जेवला म्हणावं. सांगते मी त्याला. लगेच करायला लावते फोन."

"लगेच ना?"

"हो."

ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा फेरीमेनची फलंदाजी चालू होती. म्हणजे कॉय बाकावर असणार. ती आपल्या जागेवर गेली नाही. सरळ कठड्याशी गेली आणि वाकली. कॉय अगदी टोकाला एकटा बसला होता. टाकायचा हात गार पडू नये म्हणून उजव्या हातावर जाकीट, मांडीवर टोपी, घाम कानशिलावरून निथळत होता. बाकीचे सगळे बाकाच्या दुसऱ्या टोकाला चिकटून बसले होते, एवढी जागा असताना. प्रशिक्षकानं मान वर करून आर्डिथकडे पाहिलं आणि भुवया आवळल्या. आर्डिथच्या पाठीमागे सगळा स्टँड गप्प होता आणि त्या गप्पपणाचे डोळे आपल्या पाठीत रुतलेत असं तिला वाटलं. कॉयनं मान दुसरीकडे वळवली, मैदानाकडे. त्याला आपण दिसलोच नाही, असं तिनं धरलं.

हात पुढे केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता.

पोराचा तिसरा उन्हाळा, तिच्या मनात आलं. ही एक दुपार याच्या हातून निघून गेली तर पुन्हा येणार नाही. तीनच तर डाव राहिलेत. इला मे बोलतेय, हसतेय. तासाभरात हा स्वतः फोन करून तिला सांगेल, तर तिचं हृदय औषधाशिवाय बरं होईल.

ती जागेवर जाऊन बसली.

"काय झालं?" लेलँडनं ओठ न हलवता विचारलं.

तिनं सांगितलं. लेलँडनं बाकांवरच्या छपराकडे पाहिलं.

"सांगितलंस त्याला?"

"नाही."

"हं," तो म्हणाला. मग, "एवढ्यात संपेल."

सातवा डाव. आठवा डाव. आर्डिथला त्यातलं पुढे काही सांगता येत नसे. एवढंच आठवे, की आठव्यात एक चेंडू खूप उंच उडाला आणि तो खाली यायला नको तितका वेळ लागला, आणि तिनं मनात म्हटलं, पडू दे, झेलू नका, म्हणजे मी उठून जाईन. तो झेलला गेला.

नवव्यात कॉयनं शेवटच्या बॅटरला बाद केलं आणि त्याचे चेंडू झेलणारा कॅचर धावत येऊन त्याच्या अंगावर उडीच मारून चढला. सगळा संघ त्या दोघांवर कोसळला. बर्फाच्या पाण्याची बादली कुणीतरी उपडी केली. स्टँडमधली माणसं बाकांवर उभी राहून नाचत होती. हार्व डिट्झ रडत होता आणि अनोळखी माणसांना मिठ्या मारत होता. आता तो शब्द सगळे मोठमोठ्यानं ओरडत होते, इतका वेळ दाबून धरलेला.

आर्डिथ कठड्याच्या फाटकातून मैदानात गेली. वर्तमानपत्रवाला कॉयचे फोटो काढत होता. त्यानं हात करून तिला थांबवलं, "एकच फोटो, बाई, एकच!" ती थांबली. मग कॉयनं तिला पाहिलं आणि तो ओला, मातीनं माखलेला, धावत आला. त्यानं तिला उचलूनच घेतलं.

"मिस आर्डिथ! पाहिलंत? पाहिलंत ना? आता पहिला फोन आईला! तुम्ही नाही हं सांगायचं तिला, मी सांगणार!"

"कॉय, मला खाली ठेव."

त्यानं ठेवलं. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

तिनं सांगितलं. जेवढं वाँडानं सांगितलं होतं तेवढं सगळं. त्यानं एकच विचारलं, "केव्हा आला फोन?"

"सहाव्या डावात."

तो धावत गेला. ती मागोमाग जाईपर्यंत तो त्या चिंचोळ्या खोलीत फोनशी उभा होता, अंगावरून पाणी फरशीवर ठिबकत होतं. बर्निस दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. आर्डिथला पाहताच ती म्हणाली, "आठव्या डावात पुन्हा आला होता गं तिचा फोन. मी म्हटलं, संपतंच आलंय. तुला त्यातून उठवायचं कसं..." आणि तिनं तोंडावर हात घेतला.

आतून कॉयचा आवाज येत होता. इला मेची शुद्ध गेली होती, दुसरा फोन आला होता त्या सुमाराला. वाँडानं आता रिसीव्हर तिच्या कानाशी धरला होता.

"आई, मी. कॉय." मग नाक ओढल्याचा आवाज. "आई, एकही नाही. अख्ख्या सामन्यात एकही फटका नाही. तुला ऐकू येतंय ना? एकाला फुकट जाऊ दिलं तिसऱ्यात, तेवढंच. तू असतीस तर ओरडली असतीस मला त्याबद्दल." मग आवाज खाली आला. "आई, मी जेवलो. वाँडा म्हणते तू विचारत होतीस. जेवलो मी."

बाहेर लोक अजून त्याच्या नावानं ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं तो गेला. तो पोहोचण्याआधी इला मे गेलेली होती.

दहा-बारा दिवसांनी कॉय परत आला. अंत्यसंस्काराला घातलेला कोट हातावर होता. आर्डिथनं त्याच्या आवडीचं सगळं केलं होतं. त्यानं सगळं खाल्लं, ताटात काही ठेवलं नाही, आणि 'छान झालंय, मिसेस नायगार्ड' म्हणाला. ते ऐकून लेलँडनं काटा खाली ठेवला. मग उठून कोठाराकडे गेला, काम नसताना.

कॉय पडवीच्या पायरीवर बूट घालत बसला होता. आर्डिथ जाळीच्या दाराआड उभी राहिली.

"तू मला बोल," ती म्हणाली. "ओरड. काहीही म्हण. पण असं छान झालंय म्हणू नकोस."

तो बुटाची नाडी बांधत राहिला. बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"वाँडा म्हणते, आईनं दोनदा विचारलं, आला का फोन. दुसऱ्यांदा वाँडा म्हणाली, येतोच आहे. तर आई म्हणाली, घाई करू नकोस म्हणावं त्याला."

आर्डिथनं दाराची चौकट धरली.

"मला सांगायचं होतं. मी आले होते कठड्यापर्यंत. तू पाहिलं नाहीस."

"पाहिलं," कॉय म्हणाला.

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"तुम्ही वाकलात ते मी पाहिलं. तुमचा चेहरा बघून मला कळलं, काहीतरी आहे. घरचंच काहीतरी आहे. आणि मी मनात म्हटलं, देवा, हिला बोलू देऊ नकोस. आत्ता नको. आणि मान फिरवली." त्यानं हाताची पाठ नाकावरून फिरवली. "म्हणून मी तुमच्यावर ओरडू कसा? ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आपल्या दोघांसाठी एकच शिवी सुचते, आणि ती तुम्हाला घालवत नाही."

तिनं दार उघडलं. पण तो तोवर उठला होता.

त्या उन्हाळ्यात तो आणखी काही सामने खेळला. त्याच्या चेंडूंवर फटके बसत राहिले. संघानं काढून टाकण्याआधी तो स्वतःच प्रशिक्षकाच्या खोलीत गेला आणि नको म्हणाला. जायच्या सकाळी आर्डिथ पावाला लोणी लावत उभी राहिली. मोहरी घालू का हे तिला विचारवलं नाही, म्हणून तिनं घातली. त्यानं सँडविच घेतलं, आभार मानले, लेलँडशी हात मिळवला. पुढे त्यानं गावी, आर्कान्सॉत, लाकडाच्या गिरणीत काम धरल्याचं कानावर आलं. पत्र नाही, फोन नाही. आर्डिथनं एकदा वाँडाला फोन लावला होता. वाँडानं तिचा आवाज ओळखला, 'कशा आहात' विचारलं, आणि मग दोघींनी फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी आर्डिथ घराबाहेर पडू लागली. दुकानात जाई, वाचनालयात जाई, काही नसलं तर नदीवर जाऊन बसे. घरातला फोन वाजत नाही हे ऐकण्यापेक्षा ते बरं.

मुलींच्या खोलीत तिनं नंतर पोरगा ठेवला नाही. संघाच्या कचेरीतून दर वसंतात विचारणा येई. "गुडघे दुखतात," ती सांगायची. पण स्टेडियमला जाणं तिनं सोडलं नाही. लेलँड म्हणे, "नको वाटत असेल तर राहू दे." ती म्हणे, "जाऊ या." बसायची मात्र गप्प. कुणाच्या नावानं ओरडायची नाही.

अशीच काही वर्षं गेली. एका शनिवारी दुपारी फेरीमेनचा एक नवा पिचर टाकत होता. कॅनडातून आलेला, लांब मानेचा, ओठावर मिसरूडही न फुटलेला. पाचवा डाव संपला आणि आर्डिथच्या लक्षात आलं, की आजूबाजूची बडबड बसत चाललीय. हार्व डिट्झनं चष्मा काढला. पुढच्या रांगेतल्या बाईनं आपल्या नातीला गप्प केलं. खाली बाकावर त्या पोरापासून बाकीचे सरकून बसले.

तो गप्पपणा आर्डिथ ओळखत होती. ती त्यात थोडा वेळ बसली. मग स्पष्ट आवाजात म्हणाली, "याला अजून एकही फटका बसलेला नाही."

लेलँडनं तिच्याकडे पाहिलं.

"नो-हिटर चाललाय," ती आणखी मोठ्यानं म्हणाली. "सहावा डाव आहे, आणि नो-हिटर चाललाय."

आसपासची सगळी डोकी वळली.

"अगं बाई, भान आहे का तुला!" हार्व कुजबुजत ओरडला. "लेलँड, आवर हिला!"

"बाहेर काढा कुणीतरी त्या म्हातारीला!" वरच्या रांगेतून आवाज आला.

लेलँडनं तिला आवरलं नाही. ती प्रत्येक डावाला म्हणत राहिली. सातव्यात म्हणाली, आठव्यात म्हणाली. पुढच्या रांगेतली बाई नातीला घेऊन उठून गेली. हार्व दोन जागा सोडून बसला आणि दर चेंडूला डोळे मिटून घेऊ लागला. आर्डिथ दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिला तो मोडायला हवा होता. त्या पोराचं वाईट व्हावं असं नव्हे. पण बोलल्यानं खरंच मोडतं, एवढं तिला एकदा बघायचं होतं. म्हणजे मग त्या रविवारी ती गप्प बसली ते निदान कशासाठी तरी बसली, असं झालं असतं.

नवव्या डावात कॅनडाच्या पोरानं शेवटचा गडी बाद केला. एकही फटका नाही. कॅचर धावला, बादली उपडी झाली, स्टँड उठून उभा राहिला.

हार्व डिट्झ हसत, डोळे पुसत परत आला आणि त्यानं आर्डिथच्या गळ्यात हात टाकला.

"म्हातारे, जीव घेतलास माझा! अख्ख्या गावाला ओरडून सांगितलंस, तरी बघ! काही झालं नाही! काही म्हणजे काही झालं नाही!"

"नाही ना," आर्डिथ म्हणाली.

हार्व पुढच्याला मिठी मारायला निघून गेला. सगळे उभे होते, त्यामुळे बसलेली ती दोघं कुणाला दिसत नव्हती. लेलँडनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिचा हात हातात घेतला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण ती आधीच रडायला लागली होती, तोंड उघडं ठेवून, मोठ्यानं, आणि त्या ओरड्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही.